एकाच वेळी एक गेट

ग्रीसने माखलेला अंगठा महिपतने फॉर्मच्या वर चार बोटं तसाच अधांतरी धरला आणि विचारलं,

"ह्याच्यात माजा फायदा काय?"

प्रश्न रास्त होता. महिपतचा फायदा सांगायला अवघड होता. तोटा सोपा होता, पगारातून महिन्याला चाळीस रुपये. फायदा खरा संघरत्नाचा होता आणि तो पै-पैशापर्यंत मोजता येत होता. महिपत धरून छत्तीस जणांनी हे अंगठे उठवले, तर तिच्या घरात एक लाख रुपये येणार होते.

कालव्याच्या उपविभागात ती आस्थापना लिपिक होती. चौऱ्याऐंशी माणसांच्या रजा, वेतनवाढी, वारसांची नावं आणि मेमो तिच्या एका कपाटात राहायचे. ही सगळी महामंडळाची माणसं. खऱ्या सरकारी नोकराला मिळतो तसा औषधपाण्याचा खर्च त्यांना मिळत नसे. म्हणून २००३ च्या दिवाळीनंतर महामंडळाने एक योजना काढली. अख्ख्या कुटुंबाचा आरोग्य विमा, वर्षाला नऊशे साठ रुपये. निम्मे महामंडळ भरणार, निम्मे नोकराने भरायचे. त्यावर एका कुटुंबाला वर्षाला लाखापर्यंतचा दवाखान्याचा खर्च. अट एवढीच की उपविभागातल्या चारांपैकी तिघांनी, म्हणजे त्रेसष्ट जणांनी, डिसेंबरअखेर सह्या केल्या पाहिजेत. तेवढे झाले तर जुने आजारसुद्धा पहिल्या दिवसापासून धरणार. नाही झाले तर उपविभागच योजनेतून बाद.

संघरत्नाच्या घरी जुना आजार होता. तिचा नवरा प्रशांत शहापूरच्या नाक्यावर पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून द्यायचा. लहानपणीच्या कुठल्याशा तापाने त्याच्या हृदयाची एक झडप खाल्ली होती. ती बदलायला मुंबईच्या डॉक्टरांनी एक लाख अडतीस हजार सांगितले होते, आणि वर्षाच्या आत बदलायची, हेही सांगितलं होतं. ऑफिसात तिने यातला एक शब्द काढला नव्हता. आपलं काम घेऊन कुणी दारात आलंय असं कळलं की माणसं आधी त्याचं वजन करतात आणि मग आपला भाव सांगतात, हे अकरा वर्षांच्या नोकरीत तिने कपाटाच्या अलीकडे बसून पाहिलं होतं.

"फायदा असा," ती म्हणाली, "की उद्या घरात कुणी आजारी पडलं तर..."

"थू थू थू," मागून वाळू म्हणाला. वाळू हा कालव्याच्या पुढच्या फाट्याचा चौकीदार. स्वतःचं गेट सोडून दुसऱ्याच्या चौकीवर बसण्याची त्याला सवय होती. "सकालच्या पारी काय बोलता, बाई!"

"बरं, वाळूभाऊ, तुम्ही नाही पडणार आजारी."

"नायच पडत. आमी लोक आजारी पडत नाय, आमी एकदम मरतो. त्याचं हाय काय तुमच्या कागदात?"

"त्याचा वेगळा कागद असतो."

"तो आना. त्याच्यात बायकोचा तरी फायदा हाय."

महिपत हसला नाही. गेटच्या स्क्रूवर ग्रीस लावायचं त्याने पुन्हा सुरू केलं. तीस वर्षं तो या चौकीवर होता, निवृत्तीला दोन उरली होती आणि बेचाळीस किलोमीटर कालव्यावरचे सगळे चौकीदार पाण्याच्या कुठल्याही भांडणात शेवटचा शब्द त्याचा मानत. साहेब बदलत, महिपतचा शब्द बदलत नसे. त्याने 'नाय' म्हटलं की बाकीच्यांकडे जायची गरज नव्हती, तेवढी जीपच्या डिझेलची बचत.

"माज्या बायकोला इचारलं मी," तो स्क्रूकडे बघत म्हणाला. "काशी म्हनली, धडधाकट पोरांची नावं दवाखान्याच्या कागदावर कशाला लिवायची? आनि न पडलो आजारी, तर पैशे परत?"

"परत नाही मिळत."

"मंग?"

संघरत्नाने आठ दिवस या 'मंग'ला उत्तरं दिली होती. सरकारी भाषेत दिली, आकड्यांत दिली, महामंडळाच्या पत्रकातून वाचून दाखवली. सत्तावीस सह्या झाल्या होत्या, त्याही ऑफिसातल्या खुर्च्यांच्या. तिने पत्रक मिटलं. खाली फाट्याच्या तोंडाशी पाणी गढूळ वळसा घेऊन आत जात होतं, आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं,

"महिपतभाऊ, हे पाण्यासारखं आहे. प्रत्येकाने थोडं थोडं भरायचं, त्याचं एक तळं होतं. ज्याचं शेत सुकेल त्याचं गेट उघडायचं."

महिपतचा हात थांबला.

"तलं कुनाचं?"

"सगळ्यांचं."

"शेत सुकलं हे कोन ठरवनार? साहेब?"

"डॉक्टर."

"आनि टेलच्या मानसाला पोचंल पानी?"

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. कालव्यावर जन्म घालवलेल्या माणसाचा सगळा न्याय या एका प्रश्नात असतो. कारण वरच्या शेतांची पोटं कधी भरत नाहीत, आणि म्हणून नियमच आहे: पाणी टेलकडून वर द्यायचं, फाट्यावर एका वेळी एकच गेट उघडायचं, त्याची पाळी पुरी होऊन ते बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. हे मोडणाऱ्याला महिपतने आयुष्यभर दंड केला होता. त्यात एक आमदाराचा मेहुणा आणि एक त्याचा स्वतःचा सख्खा भाऊ होता.

"पोचेल," संघरत्ना म्हणाली.

"म्हंजी पाळी असते."

ती क्षणभर अडखळली. विम्यात पाळी नसते. पण महिपतचं तोंड आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे वळलं होतं, आणि चिकट गिऱ्हाईक अर्धं वळलेलं असताना दुकानदार मापातली त्रुटी सांगत बसत नाही.

"असते," ती म्हणाली. "पाळीनंच मिळतं."

महिपतने हात फडक्याला पुसले. फॉर्म मात्र घेतला नाही.

"समदे कोरे फॉर्म ठेवून जा हितं," तो म्हणाला. "इचार करतो."

*

घरी सासूबाई, कमळाबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. संघरत्नाने सकाळची गोष्ट सांगितली तशा त्या सुपातून मान वर न करता हसल्या.

"पान्याची पाळी सांगितलीस त्यांना? बरी सुचली."

"का?"

"काय नाय गो. आपन पान्याच्या पाळीत पयले कदी होतो, ते आठवून बघत व्हते." त्यांनी एक खडा उंबऱ्याबाहेर टाकला. "गावच्या विहिरीवर आमी उभं राहाचो. सगल्यांचं झालं की मंग कुनीतरी वरून वताचा. जीव आला तर वताचा."

प्रशांत खाटेवर उभ्या केलेल्या उशीला टेकून बसला होता. आडवं झालं की त्याला दम लागायचा, म्हणून तो बसूनच झोपे. दुकानात मोटार टेबलावर चढवायची ती आताशा शेतकरीच चढवून देत. तो म्हणे, पाठीत उसण आहे. लोक 'हां हां' म्हणत. संघरत्नाला वाटे, लोकांना पटतंय.

महिना संपायला तीन दिवस उरले. एकतीसच्या जागी बत्तीस तारीख असती तरी तिने ती वापरली असती. तिने फंडातून उचल किती मिळेल ते काढून ठेवलं: अडतीस हजार. बाकीचा आकडा तिने कागदावर लिहिलाच नाही.

तीस डिसेंबरला अकराच्या सुमारास महिपत ऑफिसात आला. तो तालुक्याच्या ऑफिसात यायचा तो पोळ्याच्या बैलासारखा, वर्षातून एकदा आणि आंघोळ करून. आज तो धुळीने भुरा झाला होता. सायकल त्याने व्हरांड्याच्या खांबाला टेकवली, हँडलची पिशवी काढली आणि तिच्या टेबलावर उपडी केली.

फॉर्म होते. घड्या पडलेले, एकावर चहाचं वर्तुळ, एकाला भेंडीची लव लागलेली, आणि बहुतेकांवर अंगठे. संघरत्नाने मोजले. पुन्हा मोजले. चव्वेचाळीस.

"बेचालीस किलोमीटर," शेजारच्या टेबलावरचा लेखापाल उगाचच हळू आवाजात म्हणाला.

"जाऊन-येऊन चौऱ्याऐंशी," महिपत म्हणाला. "डोळखांबच्या आंगाला रस्ता तुटलाय, तिथं सायकल खांद्यावर. तो येगला धरा."

"महिपतभाऊ, सगळ्यांनी कसे काय..."

"सांगितलं त्यांना. पान्याचं सांगितलं तवा कललं." त्याने पिशवी झटकून घडी घातली. "आता पुडचं आमचं आमी बघतो. तुमी कागद धाडा."

काशीचं नाव होतं, दोन्ही मुलांचं होतं. वाळूने स्वतःच्या नावापुढच्या 'आजार' या रकान्यात 'बायको' असं लिहवून घेतलं होतं. सत्तावीस आणि चव्वेचाळीस, एकाहत्तर. लागत होते त्रेसष्ट. संघरत्नाने गठ्ठ्याला दोरा बांधला. या माणसाला काय मिळालं म्हणून तो दोन दिवस सायकल मारत गेला, याचा हिशेब तिने करून पाहिला. जमेच्या बाजूला काही सापडेना.

*

मार्चमध्ये प्रशांतची झडप बदलली. मुंबईच्या ट्रस्टच्या दवाखान्यात एकवीस दिवस. विम्याने लाख भरले, फंडाने अडतीस हजार. तो घरी आला तो छातीत एक आवाज घेऊन. नवी झडप धातूची होती आणि शांतता असली की ती ऐकू यायची. टिक. टिक. पहिल्या रात्री कमळाबाई दोनदा उठल्या आणि भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ बघून परत झोपल्या.

दुकान उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी चौकीदार आले. महिपत, वाळू आणि आणखी सहाजण, जणू कुठल्या गेटची तपासणी होती. संघरत्ना डबा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"ऐकू येतो म्हंतात," वाळू म्हणाला. "बघू दे रे परशांत."

"अरे, बघायचं काय त्यात?"

"बघाचं नाय, आयकाचं. समद्या कालव्याला ठाव हाय, तुजा फूटवॉल गलत व्हता. सोता दुसऱ्यांच्या मोटारींचे वॉल बदलतोस, आनि तुजाच गलका!"

प्रशांत हसला. पाठीतल्या उसणीचं सोंग त्याच क्षणी संपलं. बाहेर रस्त्यावर ट्रक होता, तो जाईपर्यंत सगळे थांबले. मग आठ माणसं श्वास धरून उभी राहिली आणि वाळूने प्रशांतच्या सदऱ्याला कान लावला. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा एकेक करून उतरत गेली. तो बाजूला झाला, पुढचा आला. एकाने कान लावण्याआधी पायातल्या वहाणा काढल्या.

महिपत शेवटी आला. त्याने डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. मग सरळ होताना त्याने डाव्या जांघेवर हात दाबून धरला आणि बाकावर सावकाश टेकला.

"बसतो नीट," त्याने निकाल दिला. "उगडतो पुरा, आनि बंद व्हताना कडेला फट ऱ्हात नाय. चांगला कारागीर हाय." मग संघरत्नाकडे वळून, "पुरं झालं ना, बाई? का अजून लागनार?"

"औषधं आहेत. वर्षभर तरी तपासण्या चालू राहतील."

"वरीसभर," महिपतने मान हलवली आणि बाकीच्यांकडे बघितलं. त्यांनीही माना हलवल्या. "बरं. वरीसभर तर वरीसभर."

काळजीने विचारलं, असं तिला वाटलं. तिने सगळ्यांना चहा सांगितला.

*

पुढच्या डिसेंबरात, योजनेचं नूतनीकरण आलं तेव्हा, महामंडळाकडून एक तक्ता आला. कुठल्या उपविभागातून किती जणांनी विम्याचा लाभ घेतला. कुठे सतरा, कुठे अकरा, कुठे नऊ. यांच्या नावापुढे एक.

साहेब खूश झाले. "बघा बाई, एकाहत्तर कुटुंबं आणि वर्षात आजारी माणूस एक! आपली माणसं लोखंडाची आहेत. वरून अभिनंदनाचं पत्र आलंय, नोटीस बोर्डावर लावा."

संघरत्नाने पत्र लावलं. मग जागेवर येऊन तिने रजेची नोंदवही काढली, कारण लोखंडाची माणसंही रजेचा अर्ज करतात आणि तो तिच्याच कपाटात येतो. जूनमध्ये महिपत, एकवीस दिवस, सोबत कल्याणच्या एका दवाखान्याचा दाखला: हर्नियाची शस्त्रक्रिया. ऑगस्टमध्ये वाळू, बारा दिवस, बायकोचं सिझेरियन. एकाला कावीळ. एकाच्या मुलाचा मोडलेला हात, आत सळई. तिने बोट खाली खाली नेलं. प्रशांतच्या ऑपरेशननंतरची नऊ नावं. नऊही एकाहत्तरातली. एकानेही विम्याचा कागद मागितला नव्हता.

फॉर्म कसा भरायचा हे कळलं नसेल. वर्षभर आपण ते समजावून सांगितलं नाही, नवऱ्याच्या फायली मात्र वेळेत धाडल्या. तिने नऊ कोरे फॉर्म घेतले आणि पहिली एस.टी. धरून महिपतच्या गावी गेली.

काशी अंगणात नाचणी पाखडत होती. गोठ्याची एक बाजू रिकामी होती, खुंटा तेवढा होता.

"दुबती व्हती," काशी म्हणाली, पाहुणीची नजर कुठे गेली ते बघून. "जूनमदी इकली. बसा, बाई. ह्यांना हाक मारते."

महिपत परसातून आला. संघरत्नाने पिशवीतून फॉर्म काढले.

"भाऊ, तुमच्या ऑपरेशनचे किती झाले?"

"अकरा हजार दोनशे. का?"

"ते तुम्हाला मिळायचे होते! तुम्ही मला सांगितलं का नाहीत? महिन्याच्या आत कागद गेला असता तर..."

महिपत तिच्याकडे बघत राहिला. लहान मुलाने मोठ्याच्या पानातलं उचलावं तेव्हा बघतात तसा.

"तुमचं गेट उगडं व्हतं ना, बाई."

"काय?"

"परशांतचं. वरीसभर म्हनालात. ते बंद झाल्याबिगर दुसरं कसं उगडनार?"

संघरत्नाने फॉर्म मांडीवर ठेवले.

"मी हिशेब केला व्हता," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. पाण्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या शेतकऱ्याशी तो याच सुरात बोले. "एकाहत्तर मानसं. आमचे चारशे ऐंशी, महामंडलाचे चारशे ऐंशी. तल्यात पडले अडुसष्ट हजार एकशे साठ. तुमचा खर्च झाला लाख. म्हंजी तलं रितं होऊन वर बत्तीस हजार कंपनीनं कुटून तरी आनले. त्याच्यात मी आनखी गेट उगडू? ही पान्याची चोरी झाली, बाई. मी हिच्यासाठी लोकांना दंड केला हाय."

"आणि बाकीचे आठ जण?"

"त्यांना मी सांगितलं. वाळू आला व्हता इचाराला, बायकोचं पोट कापतात म्हनून. म्हटलं, पाळी नाय. समजला बिचारा."

काशीचं सूप थांबलं होतं. तळं एवढंच नाही. राज्यभरची माणसं त्यात भरतात. एका वेळी सगळ्यांची गेटं उघडली तरी चालतात. मुळात त्यात पाळी नसते. हे सगळं तिने सांगितलं. सांगताना तिला स्वतःचाच आवाज पत्रक वाचल्यासारखा ऐकू येत होता.

महिपत सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "पन तुमीच म्हनालात, पाळी असते."

"म्हणाले," ती म्हणाली.

कुंपणापलीकडे कुणीतरी गुरं हाकत गेलं.

"मग पहिली पाळी मला का दिलीत?" तिने विचारलं. "मी तर तुम्हाला काही सांगितलंही नव्हतं."

"तुमी फॉर्म घेऊन आल्यात तवाच आमी म्हटलं, हिच्या घरचं शेत सुकतंय. मोटार कोन चढवून देत व्हतं त्याला? आमचीच पोरं ना?" महिपतने खांदे उडवले. "आनि पयली पाळी म्हंजी काय, पानी टेलपासनं वर द्याचं. वरच्यांनी आदी घेतलं की खाली पोचत नाय. ह्याच्यात इचाराचं काय, कायदाच हाय तो."

हा माणूस टेल म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय दिसतं, तिच्या सासूची ती विहीर दिसते की नुसता कालवा, हे त्याच्या तोंडावरून कळण्यासारखं नव्हतं. विचारण्यासारखं तर मुळीच नव्हतं.

"आता भेटतील का ते पैशे?" काशीने विचारलं.

"नाही, काकी. मुदत गेली."

काशीने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. महिपतने एकदा गोठ्याकडे पाहिलं, आणि मग तो जरासा हसला, पण आवाज न करता.

"म्हंजी मी चुकलो."

"मी चुकले."

"तुमी खोटं बोललात, मी चुकलो. येगयेगलं हाय." हे त्याने रागाने म्हटलं नाही, नोंद बरोबर हवी म्हणून म्हटलं. मग पुढे वाकून आवाज खाली आणला. "बाई, एक करा. वाळूला हे सांगू नका. त्या आठांपैकी कुनालाच नको. त्यांनी घरात आजार असून पाळी मोडली नाय. ते आता फुकट व्हतं म्हनून सांगाचं, बरं नाय दिसत."

"पण पुढच्या वर्षी त्यांना कळायला पाहिजे! नाहीतर पुन्हा..."

"कलू द्या ना. सांगा, नियम बदलला. सरकारात काय, रोज बदलतो."

*

नोटीस संघरत्नाने स्वतः लिहिली, साहेबांची सही घेतली आणि अभिनंदनाच्या पत्राशेजारी लावली. 'सर्व कर्मचाऱ्यांस कळविण्यात येते की, चालू वर्षापासून योजनेच्या नियमात बदल झाला असून, यापुढे एकाच वेळी कितीही कुटुंबांना लाभ घेता येईल.' साहेबांनी सही करताना विचारलं, "असा नियम आधी नव्हता काय?" तिने सांगितलं, "आपल्याकडे नव्हता, साहेब."

पगाराच्या दिवशी चौकीदार आले. वाळूने नोटीस दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि कपाळावर हात मारला.

"बघा! आमचं नंबरात बसून सगलं झालं, आनि मंग नियम बदलला! माज्या नशिबाला बाई, दारात कुत्रं पन उलट्या पायानं येतं."

"या वर्षी भराल ना फॉर्म?"

"भरनार ना. सोडतो काय आता." अंगठा शाईत दाबत तो जरा ताठ झाला. "पन गेल्या साली आमी पाळी पालली हां. नऊ घरं. एकानं मोडली नाय. लिवून ठिवा तुमच्या वहीत."

"ठेवते," संघरत्ना म्हणाली. "बायकोचे किती झाले होते, वाळूभाऊ?"

"नऊ हजार पाचशे. का, भेटनार हायत?"

"नाही. वहीत लिहायचे आहेत."

त्या वर्षी चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी जणांनी सह्या केल्या. महिपतने आपल्या फॉर्मवर अंगठा उठवला, शाई कपाटाच्या कडेला पुसली आणि दोनची गाडी धरली.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर तिने नोंदवहीचं शेवटचं पान उघडलं. प्रशांतच्या झडपेचे एक लाख अडतीस हजार कुणी भरले, याचा कागदोपत्री हिशेब सोपा होता: कंपनीने लाख, फंडाने अडतीस हजार. तिने तो लिहिला. त्याच्याखाली पट्टी धरून एक रेघ ओढली, आणि रेघेखाली नावं लिहायला लागली. महिपत, अकरा हजार दोनशे. वाळू, नऊ हजार पाचशे. इतर सात जणांना तिने दिवसभरात एकेक करून, रजेच्या काहीतरी निमित्ताने, विचारून घेतलं होतं. नऊ ओळी झाल्या. बेरीज एकसष्ट हजार सातशे पन्नास आली.